एक जूनचे गुरुजी

माणसं जन्माला घालायचं श्रेय सगळे ब्रह्मदेवाला देतात, पण तळा तालुक्यापुरतं ते माझ्या बायकोच्या मामांना मिळायला हवं. मामा छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पहिलीत नाव घालायला आलेली आई "भात लावत व्हते तवा झाला" एवढंच सांगायची, आणि मामा खुशाल एक जून लिहून टाकायचे. नियमात बसतं, लक्षात राहतं, पोरगं लगेच वर्गात बसतं! त्यामुळे दर एक जूनला मामांचा फोन सकाळपासून तापलेला असतो. ट्रकवाले, नर्सा, कचेरीतले कारकून, सगळ्यांना ते आशीर्वाद देतात आणि त्यांच्या वतीनं पेढे स्वतःच खातात. निवृत्त झाले तरी गुरुजीपण सुटलेलं नाही. एसटीत कंडक्टरला पाढे विचारतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यांनी भटजींना "मोठ्यानं म्हना, मागच्या बाकावर ऐकू येत न्हाय" असं सुनावलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जुलैत त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं शेजाऱ्याची मोटरसायकल पळवली, ती दिघीहून आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढवली आणि पलीकडे पेट्रोल संपल्यावर पकडला गेला. दाखल्यावर एक जून, म्हणजे अठरा पूर्ण होऊन महिना उलटलेला. झालं, रवानगी मोठ्यांच्या कोठडीत. त्याची आई मामांकडे रडत आली. "गुरुजी, त्यो गौरी-विसर्जनाचा हाय हो!"

मामा ताडकन उठले. ग्रामपंचायतीतल्या जुन्या जन्मनोंदी उलटायला त्यांनी मलाही जुंपलं. वाळवी, झुरळं आणि प्रत्येक नावावर मामांचं भाष्य: "ही गॅदरिंगला नाचायची! ह्यो शाळेची घंटा लपवायचा!" तिसऱ्या दिवशी सप्टेंबरातली नोंद सापडली, तेव्हा मामांनी ग्रामसेवकाला अशी मिठी मारली की चहा दोघांच्याही शर्टावर सांडला.

शेजारी मात्र गुरगुरला. "सोडवताय व्हय? उद्या परत गाडी नेईल."

"मोठ्यांच्या जेलात घाल, मग चावीशिवाय गाडी चालू करायला शिकंल," मामा म्हणाले. "आन् सुटल्यावर ऱ्हानार कुठं? तुझ्याच शेजारी!"

शेजारी पुढे बरेच दिवस विचारात होता.

अलिबागच्या कोर्टात मामा हात जोडून म्हणाले, "मॅडम, ह्याला म्हातारा मीच केलाय. शिक्षा मला द्या." न्यायाधीश मॅडमनाही हसू आवरेना. पण नोंद मान्य झाली, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं आणि पोरगा मामांच्या देखरेखीखाली घरी आला. आता तो गॅरेजात कामाला आहे. शेजारी आपली गाडी त्याच्याकडेच देतो, आणि मामा रोज संध्याकाळी जाऊन त्याला ऑइलच्या हातांनी भागाकार करायला लावतात.

"एवढी एकच तारीख नडली तुमची," मी एकदा चेष्टेनं म्हणालो.

मामा हसले नाहीत. "एक न्हाय. ह्याच्या आधी एक व्हता. मासळीचा टेम्पो नेला त्यानं. तवा मला कोनी विचारलं न्हाय, आन् नोकरी जाईल म्हनून मी बोललो न्हाय."

तो मोठ्यांच्या तुरुंगात गेला आणि तेव्हापासून आत-बाहेर करतो आहे. त्याची नोंद मामांनी नंतर एकट्यानं जाऊन पाहिली होती. पकडला त्या दिवशी त्याला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते. तो आत असला की मामा दर महिन्याला त्याला तुरुंगात भेटायला जातात. तो अजून उठून उभा राहतो, "नमस्ते गुरुजी" म्हणतो, आणि मामांना ते ऐकवत नाही.