आभाळ नावाची पोरं

सांगोल्याकडच्या माळावर बिरप्पाची मेंढरं बसली होती, तेव्हा त्याची बायको मायाक्का बाळंत झाली. त्या दिवशी दुपारपासून काळे ढग दाटून आले होते आणि एक थेंबही न टाकता पुढं निघून गेले होते. मुलगी झाली. नाव काय ठेवायचं म्हणून भावकीनं विचारलं, तर बिरप्पा म्हणाला, "आभाळ."

"आरं, हे पोराचं नाव की पोरीचं?"

"आभाळ बाप्या बी नसतंय आन् बाई बी नसतंय. पोरगं झालं असतं तरी हेच ठिवणार हुतो."

मायाक्काच्या मनात पूनम होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

शाळेत या नावाचा पोरीला जाच झाला. ती रडली की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "आभाळ फाटलं!" मग तिनं रडणंच सोडलं. मेंढरांमागं धावून पायांत बळ आलेलं होतं, त्या बळावर ती तालुक्याच्या शर्यती मारू लागली. सोलापुरातल्या एका सरांनी तिला बघितलं, शहरात ठेवून घेतलं, पहाटे मैदानावर पळवलं. एकोणिसाव्या वर्षी तिनं पाच हजार मीटरमध्ये देशात पहिला नंबर काढला. चौकाचौकांत तिचे फलक लागले, गळ्यात पदक, ओठ घट्ट मिटलेले.

आणि जिल्ह्यात नाव पसरलं. पहिला फोन वेळापूरहून आला, "ताई, पोरीचं नाव तुमचंच ठेवलंय." मग माढ्याहून, मग अक्कलकोटकडून. कुणाला मुलगा, कुणाला मुलगी, नाव एकच. बिरप्पा बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगायचा, "माज्या पोरीच्या नावाची आता लई पोरं हायत की!"

जुळे सोलापुरातल्या रेश्मा नावाच्या बाईनं तर तिला बारशालाच बोलावलं. "बाळाला नात्यातली आत्या आहे, पण कानात नाव तुम्हीच सांगायचं," असा तिचा हट्ट. अपार्टमेंटच्या खालच्या हॉलमध्ये पाळणा सजवला होता. आभाळ पाळण्यावर वाकली. स्वतःचंच नाव दुसऱ्याच्या कानात सांगताना तिला हसू फुटलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, तेव्हा मात्र डोळे भरून आले. इतकी वर्षं जे नाव अंगावर चिकटलेल्या कुसळासारखं टोचत होतं, ते लोक आपणहून लेकरांना देत होते. त्या रात्री तिला सुखाची झोप लागली.

वर्ष-दीड वर्षानं एका स्पर्धेनंतर तिची लघवी तपासायला नेली आणि तीत बंदी असलेलं औषध सापडलं. अशक्तपणा जाईल म्हणून सर एक पावडर द्यायचे. दुधातून घे म्हणायचे, ती घ्यायची. डब्यावर काय लिहिलंय हे तिनं कधी वाचलं नव्हतं. चौकशीत तिनं सगळं सांगितलं. पुरावा काय, असं विचारल्यावर तिच्याकडे रिकामा डबासुद्धा नव्हता. सर म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही." तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. "आभाळ कोसळलं," असा मथळा देऊन एका पेपरनं तोच पदकाचा फोटो परत छापला.

आठवडाभरात माढ्याच्या माणसाचा फोन आला. तो चिडलेला नव्हता, उलट फार हळू बोलत होता.

"ताई, आमी पोरीचं नाव तुमच्यावरनं ठेवलं. शेजारपाजारची पोरं तिला आतापासून चिडवायला लागली. आता ह्या नावाचं आमी काय करायचं, तुमीच सांगा."

"चुकलं माजं, दादा," एवढंच तिला सुचलं.

"तसं न्हाय ओ," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर नाव बदलताना कुणी तिला विचारलंही नाही. वेळापूरच्या पोरीचं नाव बदललं, हे तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. माढ्याच्या घरानंही बदललं. त्या साली जन्मलेल्या एकाही बाळाचं नाव आभाळ ठेवल्याचं तिच्या कानावर आलं नाही. बिरप्पा मात्र बाजारात अजून तेच सांगत होता, आणि ऐकणारे आता दुसरीकडे बघत होते.

पोलिसात खेळाडू म्हणून भरती व्हायचं तिच्या मनात होतं, ते राहिलं. गावी परतायची लाज वाटायची. शेवटी जुळे सोलापुरातल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून ती लागली. पोरांना रिक्षातून उतरवायचं, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे. पोरं नुसतं 'ताई' म्हणायची, ते तिला बरं वाटायचं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी स्कूटरवरून एक बाई मुलाला घेऊन आली. पोरगं फाटकाशीच भोकाड पसरून बसलं. आभाळ पुढं झाली, त्याच्यासमोर बसली.

"तुजं नाव काय रं बाळा?"

"अजिंक्य," हुंदके देत तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. रेश्मा होती. तिनंही ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आमच्या सासूबाई फारच धरून बसल्या होत्या हो... तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"न्हाय की. चांगलं नाव हाय," आभाळ म्हणाली. मग न राहवून तिनं विचारलं, "त्याला ठाऊक हाय का, आधी दुसरं हुतं म्हून?"

"नाही. त्याला काही सांगितलं नाही आम्ही."

पोराला कडेवर घेऊन ती आत गेली. दोन दिवस तो तिला चिकटूनच होता. तिसऱ्या दिवशी रुळला आणि तिच्याकडे वळून न बघता पळाला.

दिवाळीच्या आधी बिरप्पा तिच्या खोलीवर आला. भाकरी खाता खाता म्हणाला, "तुज्या भावजयीचं दिस भरल्यात. आजउद्या हुईल मोकळी. धुळा म्हनतोय, नाव आभाळच ठिवू. बहिणीचं नाव घरात तरी ऱ्हाईल."

"नगं, आप्पा."

"का गं? मी ठिवलं ते वाईट हाय का?"

"वाईट न्हाय ओ. पर जे लई लोकांत हाय, तसलं ठिवा. हाक मारल्यावर चार पोरं वळून बघतील असलं. त्यात लेकराला लपता येतंय."

बिरप्पानं ताट बाजूला सारलं आणि चूळ भरायला मोरीत गेला.

मुलगी झाली. शाळेला सुट्टी नव्हती म्हणून आभाळ बारशाला गेली नाही. सुट्टी तिनं मागितलीही नव्हती. संध्याकाळी भावाचा, धुळाचा फोन आला.

"आराध्या ठिवलं, आक्का."

"ब्येस केलं," ती म्हणाली. एकट्या तिच्या वर्गात त्या नावाच्या तीन मुली होत्या.