बासरी ऐकत काढलेली दाढ

नव्वदच्या दशकात मी सांगलीत दातांची डॉक्टर व्हायला शिकत होते. कानात बासरी वाजत असली तर दाढ काढताना पेशंटची भीती कमी होते का, हे तपासायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. वॉकमन भावाचा ढापला. पहिले पेशंट आटपाडीकडचे मेंढपाळ आजोबा. सुई बघूनच त्यांनी खुर्ची घट्ट धरली. इंजेक्शन दिल्यावर मी त्यांच्या पटक्यावरूनच हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

आजोबा असे हरखले! पण कान झाकलेले, आणि गळा माळापलीकडच्या मेंढरांना हाक मारणारा. "आयायाया! लय भारी, पोरी!" अर्धं तोंड बधिर, त्यामुळे बाहेर शब्द नाही, नुसती आरोळी जात होती. गप्प बसा म्हणून मी हात जोडले, तर त्यांनीही जोडले आणि आणखी जोरात ओरडले. मला हसू आवरेना. दाढ निघाली, तोंडात बोळा दाबला, तरी ते विचारतायत, "कवा काढनार?"

आजोबांना घेऊन बाहेर येऊन बघते तर बाकडं रिकामं. सगळे दातदुखीवाले पळालेले. सर कपाळाला हात लावून उभे.

"सर, एकाची भीती गेली, बाकीच्यांची वाढली, असं लिहू?"

तेवढ्यात कोपऱ्यात जमिनीवर बसलेल्या आजी, म्हणजे आजोबांची बायको, उठल्या आणि थेट आत खुर्चीत जाऊन बसल्या.

"आजी, तुमचा कुठला दात दुखतोय?"

"दात कुठं ऱ्हायलेत गं मला?" बोळकं पसरून आजी म्हणाल्या, "ते कानाला लाव की!"