विचार करून सांगते

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या संजीवनीला कापडाचा भाव पाडायला सांगा, ती चहा पिता पिता पाडून दाखवेल. बी.ए. झाल्यापासून ती उल्हासनगर कॅम्प एकमध्ये मुकेशभाईंच्या पडद्यांच्या दुकानात आहे. आधी नुसती काउंटरवर असायची, आता सुरतेचा व्यापारी आला की खरेदीलाही तीच बसते. मुकेशभाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात धंद्याचं शिक्षण देऊन टाकलं होतं. "देख संजू, जो माल पसंद आया उसको हाथ भी नहीं लगाने का. मुँह ऐसा रखने का, जैसे अपने पास गोदाम भर के पड़ा है." पोरीने हे इतकं मनावर घेतलं, की समोर कितीही देखणं कापड उलगडलं तरी तिचा चेहरा ढिम्म हलत नसे. "सोच के बताती हूँ," म्हणून ती चहा मागवायची. चहा संपेपर्यंत व्यापारी नरम आलेला असायचा.

या संजीवनीला एम.ए. करायचं होतं, कामगारांच्या प्रश्नांचं, मुंबईतल्या एका नावाजलेल्या संस्थेत. तिचे वडील धर्मराज अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. एका सकाळी पहिल्या पाळीला गेले, तर गेटला टाळं. तेव्हापासून ते एका सोसायटीत वॉचमन आहेत आणि त्या कारखान्याचं नाव घरात कुणी काढत नाही. संजीवनी तेव्हा शाळेत होती. तिच्या डोक्यातून ते टाळं काही गेलं नाही. म्हणूनच तिने अर्ज केला तो एवढ्या एकाच ठिकाणी.

अर्जाचीही गंमतच झाली. शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या जुन्या सरांना गाठलं, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "तू ती शेवटच्या बाकावरची ना?" संजीवनी तीन वर्षं पहिल्या बाकावर बसली होती. पण पत्र हवं होतं, म्हणून तिने गुमान "हो सर" म्हणून टाकलं.

लेखी परीक्षेत ती पास झाली, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि घरात लगीनघाई सुरू झाली. नगरपरिषदेत कारकून असलेले प्रमोदमामा इस्त्रीचा शर्ट घालून सरावाचा इंटरव्ह्यू घ्यायला आले. खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युवर विकनेस?"

"सांग की, सकाळी उठवत नाही म्हणून," आतून आई, शालनबाई, ओरडल्या. सराव तिथेच आटोपला.

खरा इंटरव्ह्यू मात्र झकास झाला. समोर दोन सर आणि मधोमध एक पिकल्या केसांच्या मॅडम. त्यांनी उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कामगारांबद्दल विचारलं, ते तर संजीवनी रोज बघत होती. ती बोलत सुटली. सरांनी माना डोलावल्या. मग मॅडमनी सहज विचारलं, "आम्ही सीट दिली तर याल ना? की आणखी कुठे बघताय?"

आता इथे तोंड उघडून 'येणार' एवढंच म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस माल पुढे सरकवतोय हे दिसलं आणि संजीवनी सवयीने खुर्चीत मागे रेलली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे. तुमचं आलं की विचार करून सांगते."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. थँक्यू."

बाहेर येऊन तिने दुकानातल्या प्रीतीला फोन लावला आणि आपण कसं टेचात उत्तर दिलं ते रंगवून सांगितलं.

"अगं येडी का खुळी तू?" प्रीती ओरडली. "ते काय सुरतवाले आहेत का भाव कमी करायला? त्यांच्याकडे लाइन लागलीये. तुला नको म्हटल्यावर पुढचीला देतील ना!"

संजीवनीने फोन ठेवला. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट आपण आपल्याच तोंडाने नको म्हणून आलो! रडूच आलं तिला. पण ती घरी गेली नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. उरलेली मुलं आत जाऊन बाहेर आली, आणि मग जेवायला म्हणून मॅडम निघाल्या, मागोमाग एक सर. ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, मी खोटं बोलले. मी दुसरीकडे कुठेच अर्ज केलेला नाही. मला इथेच यायचंय."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"आमच्या मार्केटमध्ये पाहिजे म्हटलं की भाव चढतो, मॅडम."

मागे उभे असलेले सर फस्सकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. "का यायचंय?" त्यांनी विचारलं.

पाठ केलेलं सगळं उत्तर संजीवनी विसरली होती. "माझ्या वडिलांचा कारखाना बंद झाला तेव्हा आमच्याकडे कुणी काही विचारायलाही आलं नाही. मला असं कुठे झालं की विचारायला जायचंय."

"हे मी कमिटीला सांगेन," एवढंच म्हणून मॅडम गेल्या.

सीट मिळाल्याची मेल आली तेव्हा ती दुकानात होती. तिने आधी बाबांना फोन केला. धर्मराज सोसायटीच्या गेटवर होते. एक गाडी आत गेली, तिचा हॉर्न ऐकू आला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "पहिल्या दिवशी मी येऊ का… म्हणजे, तुला सोडायला कुणी लागणार नाही आता. एवढी मोठी झालीस. मी आपलं उगाच विचारलं."

"लागणार आहे, बाबा," संजीवनी भर दुकानात मोठ्याने म्हणाली. "तुम्हीच पाहिजे मला."