एकशे अठ्ठ्याऐंशीवा पक्षी

मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या एक्स-रेच्या खोलीत तो सत्तावीस वर्षं काम करत होता आणि सगळे त्याला 'श्वासरोखे' म्हणायचे. "श्वास रोखा, हलू नका, हां, सोडा." दिवसातून साठ-सत्तर वेळा हेच म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? तोंडावर कुणी म्हटलं तरी तो रागवायचा नाही, कारण बाहेर बाकावर पुढचा माणूस ताटकळत असायचा.

त्याच्या हाताला एक सवय जडली होती. फोटोच्या आड काही येता कामा नये. गळ्यातली साखळी, शर्टाची बटणं, एखादीची जाड वेणी, जे आड येईल ते बाजूला करायचं. लहान मूल हात झाडायला लागलं की तो खिशातून चार इंची पट्टी काढायचा, हात अलगद फळीला बांधायचा आणि फोटो झाला की लगेच सोडायचा. त्या पट्टीची गुंडाळी कायम खिशात असायची, अगदी सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बायको होती तोवर कपडे भिजवताना रोज त्यावरून कटकट करायची; आता स्वतःचे कपडे तोच भिजवायचा, त्यामुळे ती गुंडाळी दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडत नव्हती.

बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या छातीचा फोटो त्यानेच काढला होता. फिल्म उजेडासमोर धरली, डाव्या बाजूला लिंबाएवढा डाग दिसला आणि डॉक्टरांच्या आधी त्याला सगळं कळून चुकलं. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. म्हणाली, "पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. माझी शपथ आहे." मग तीन महिने घरात 'साधा खोकला आहे' हेच चाललं. परीक्षा झाली, मुलीला कळलं, आणि सहा आठवड्यांत आई गेली. मुलीने बापाला एकच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" त्याने तीन महिने सांगितलं. शपथेचं सांगितलं नाही. गेलेल्या माणसावर काय ढकलायचं? त्यामुळे पोरीचा सगळा राग एकट्या त्याच्या वाट्याला आला आणि त्याने तो निमूटपणे घेतला.

त्या दिवसापासून 'अरे बाबा'चं 'अहो बाबा' झालं. पोरगी नकाशांच्या कचेरीत नोकरीला लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, आणि दोघांत बोलणं व्हायचं ते गॅस संपला आणि पंखा दुरुस्त करायचाय एवढंच. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त कुकरचा.

या सालाच्या पहिल्याच दिवशी मात्र तिने स्वतःहून तोंड उघडलं. ती पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात जायची. मंडळाने टूम काढली होती की वर्षभरात रानपक्ष्यांच्या जास्तीत जास्त जातींचे फोटो काढायचे. पाळलेला, पिंजऱ्यातला चालणार नाही. दोघादोघांच्या जोड्या. "माझा कान चांगला आहे, पण फोटोत हात हलतो," ती म्हणाली. "तुमचा हलत नाही. येता का?"

येता का म्हणजे काय! तो त्याच दिवशी दुकानात जाऊन कॅमेरा बघून आला. मग दर रविवारी बापलेक निघाले. तळ्याकाठी गेले, माळावर गेले, कचऱ्याच्या डोंगरावर घारी मोजल्या, आणि सांडपाण्याच्या टाक्यांच्या कठड्यावर बसून नाकाला रुमाल लावून डबा खाल्ला. ती कान टवकारून म्हणायची, "डावीकडे, दुसऱ्या झाडावर," आणि हा श्वास रोखून बटण दाबायचा. खंड्या, धोबी, तीन जातींची घुबडं. शंभर झाले, दीडशे झाले. सव्वाशेच्या आसपास कधीतरी ती घाईत "अरे बाबा, तो बघ" म्हणून गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. याच्या आलं. त्याला पक्ष्यांचं तसं काही नव्हतं, त्याला फक्त पुढचा रविवार हवा असायचा.

एकशे सत्त्याऐंशीवर गाडी अडली. हळद्या काही केल्या मिळेना. पिवळाधमक पक्षी, पण पानांत असा दडतो की शीळ ऐकू येते आणि शेपूट दिसत नाही. सहा रविवार त्याने दोघांना हुलकावणी दिली. मग एका बुधवारी, कामावर जायच्या आधी, श्वासरोखे एकटाच तळ्यामागच्या झाडीत गेला. पोरीला चकित करायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि त्याला घरटं सापडलं. फांदीच्या बेचक्यात झोळीसारखं टांगलेलं, समोर पानांचा दाट पडदा. आत दोन चोची. मंडळाचा एकच कडक नियम होता, घरट्याच्या आसपास काडीलाही हात लावायचा नाही. तो नियम त्याला पाठ होता. पण सत्तावीस वर्षांच्या हाताने पाठांतर विचारात घेतलं नाही. आड येणारी फांदी त्याने बाजूला ओढली, खिशातली पट्टी काढून शेजारच्या फांदीला बांधली आणि मागे सरून उभा राहिला. दहा मिनिटांत हळद्या आला. फोटो असा निघाला की डोळ्यातला लाल रंगही मोजून घ्यावा.

तेवढ्यात फोन वाजला. बस उलटली होती, जखमींची रांग लागली होती, ताबडतोब बोलावलं होतं. तो धावत सुटला. गाठ तशीच राहिली.

संध्याकाळी पाच वाजता एका मुलाच्या हाताची पट्टी सोडताना त्याला आठवलं. बाहेर लख्ख उजेड होता, तळं वीस मिनिटांवर. पण पाय दुखत होते. 'एका रात्रीने काय होतंय, सकाळी सोडू,' असं म्हणून तो घरी गेला. फोटो कॅमेऱ्यातून फोनवर घेऊन घरट्याचा भाग त्याने कापून टाकला, नुसता पक्षी ठेवला आणि पोरीपुढे फोन धरला. ती लहानपणी हसायची तशी हसली. "हळद्या! बाबा, कसा रे मिळाला?"

सकाळी तो पोचायच्या आधीच बाई तिथे पोचल्या होत्या. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या प्रमुख. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो त्याने वाटेतच फोनवर पाहिला. उघडं पडलेलं रिकामं घरटं, खाली कावळ्याचं पीस, आणि फांदीला पांढरी पट्टी. 'हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे. रविवारी उत्तर हवं.'

रविवारी तळ्याच्या फाटकाशी सगळे जमले. मंडळातले एक वकील म्हणाले, "पट्टी खिशात घेऊन कोण फिरतं, हे काय वेगळं सांगायला हवं?" सगळ्यांच्या माना कंपाउंडरकडे वळल्या. कंपाउंडर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जखमा बांधायचा, मेहुण्याचा जुना कॅमेरा मागून आणून एकशे दहापर्यंत पोचला होता. एक्स-रेवाल्याकडे पट्टी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. फोटो काढणाऱ्याला पट्टी कशाला लागते?

"मी नाही केलं, बाई," कंपाउंडर म्हणाला. मग त्याने एकदाच श्वासरोखेकडे पाहिलं, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि पुढे काहीच बोलला नाही. बाईंनी त्याचं नाव मंडळातून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चोर तिथेच, मूग गिळून उभा होता.

पुढचा आठवडा त्याला अन्न गोड लागलं नाही. रोग्यांना "श्वास रोखा" म्हणायचा आणि "सोडा" म्हणायला विसरायचा. म्हाताऱ्या माणसांची तोंडं लाल व्हायची. पुढच्या रविवारी चालता चालता पोरगी म्हणाली, "मला अजून पटत नाही. कंपाउंडरकाका साधं पीस उचलतानाही विचारायचे. पण लपवून गप्प बसले ना? मला त्याचीच चीड येते." त्याने कॅमेऱ्याची काच पुसली. ती स्वच्छच होती.

सोमवारी तो दवाखान्यात गेला. कंपाउंडर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"ते माझं काम होतं," श्वासरोखे म्हणाला.

"माहीत आहे," कंपाउंडर मान वर न करता म्हणाला. "आमच्याकडे दोन इंची पट्टी येते, साहेब. ती चार इंची होती. अख्ख्या गावात ती फक्त इस्पितळात मिळते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची पोरगी शेजारी उभी होती ना." त्याने चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली. "पोरीसमोर बापाला कसं उघडं पाडायचं? मलाही दोन आहेत. आता झालं ते झालं. मेहुणा कॅमेरा परत मागतच होता. तुम्ही कुठे बोलू नका. तुमचं वर्ष पुरं करा."

म्हणजे सुटका हातावर आणून ठेवली होती. कुणाला काही कळणार नव्हतं. आणखी बारा पक्षी, दोनशे पुरे, आणि तितके रविवार. खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार त्याने खरोखर केला. दवाखान्यापासून घरापर्यंत तोच विचार केला. पण घरी पोरगी टेबलाशी यादी घेऊन बसली होती, आणि हळद्यापुढे तिने पिवळ्या पेन्सिलने छोटासा पक्षी काढला होता.

त्याने फोनवर मूळ फोटो उघडून तिच्यापुढे ठेवला. न कापलेला. घरटं, दोन चोची, आणि कोपऱ्यात पांढरी पट्टी.

तिने बोटांनी पट्टीचा कोपरा मोठा करून पाहिला. "तुम्हाला कधी आठवलं?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे उजेड होता."

"होता."

"आज बारा दिवस झाले." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आईच्या वेळी तीन महिने."

तिने रबर घेतलं, पिवळा पक्षी खोडला, आकडाही खोडला. मग म्हणाली, "मंडळाच्या ग्रुपवर लिहा. माझ्यासमोर."

त्याने लिहिलं. कंपाउंडरचा दोष नाही, पट्टी माझी, दोन पिल्लं माझ्यामुळे गेली. बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं आणि त्याचं नाव मंडळातून गेलं. जोडीच मोडल्यामुळे वर्षही तिथेच संपलं.

पोरगी यादीची घडी घालत होती. मध्येच थांबली आणि त्याच्याकडे रोखून पाहू लागली, तो फिल्म उजेडासमोर धरून बघायचा तशी.

"अजून काही आहे का? मला माहीत नसलेलं? आत्ता सांगून टाका. मी एकदाच ऐकेन."

त्याला बायकोचा हात आठवला, मनगटावरची घट्ट पकड आठवली. शपथेचं एक वाक्य पुरलं असतं. चार वर्षांचा राग निम्म्याने उतरला असता, कदाचित सगळाच. भिंतीवरच्या फोटोतून आई पोरीकडे बघत होती, आणि त्या फोटोला पोरगी अजून रोज सकाळी निघताना 'येते गं' म्हणायची.

"नाही," तो म्हणाला. "अजून काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला होता. ती उठून आत गेली आणि तिने कुकर लावला.