लुगड्याखालचं दुखणं

नगरहून अकोले तालुक्याकडे निघाले तेव्हा माझ्या पिशवीत भिंग, बॅटरी आणि नको तेवढा आत्मविश्वास होता. मी कातडीची डॉक्टर. तीळ-मशातून उठणारा जहाल कर्करोग नव्हे, वर्षानुवर्षं चिघळणारा सौम्य प्रकार डोंगरातल्या गावांत कितपत आहे, ते मला पाहायचं होतं. तो उन्हाने होतो, असं शिकले होते.

राजूरच्या पुढे जीप धुक्यातून चढली. एका गावात शाळेच्या ओसरीवर दिवसभर माणसं तपासली. तोंडं पाहिली, हात पाहिले. कुणालाच काही नव्हतं. या गावात हा रोग नाही, असं मी त्याच गावच्या ड्रायव्हरला ऐटीत सांगितलंसुद्धा.

परतताना जीप चिखलात रुतली. बैल मिळेपर्यंत गावातल्या हिराबाईंनी मला घरात नेलं. तांदळाची भाकरी आणि खुरसणीची (काळ्या तिळासारख्या दाण्यांची) चटणी वाढली. सकाळी त्याही तपासून घेऊन गेल्या होत्या. आता बसताना कमरेला हात लावून तिरक्या बसल्या. काय दुखतंय, असं मी विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याला बाहेर पाठवलं.

"तुमी हात पाह्यलं, तोंड पाह्यलं. दुखनं लुगड्याखाली हाय. बाप्यांच्या रांगेत ते कसं दावायचं?"

आवणीला (भातलावणीला) बायका नऊवारी कमरेला करकचून आवळतात आणि दिवसभर वाकतात. हिराबाईंच्या कमरेवर गाठीच्या जागी काळा वळ होता, आणि वळावर उंच कडांची जखम. तिथे ऊन कधीच पोचलं नव्हतं. हाच तो कर्करोग, हे मी पाहताक्षणी ओळखलं.

माझ्याही कमरेला परकराच्या नाडीचा तसाच वळ आहे. रोज अंघोळीला तो मला दिसतो. बाई असून एकाही बाईला कमरेचं विचारलं नाही, याची मला विलक्षण लाज वाटली.

कापून काढलं तर बरं होईल, उशीर नको, असं मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कापनारा बाप्याच आसंल ना?"

"हो. पण मी शेजारी उभी राहीन."

बैलांनी जीप चिखलातून ओढून काढली. मग हिराबाई गाठोडं बांधून जीपमध्ये येऊन बसल्या.

राजूरच्या एसटीडी बूथवरून मी दवाखान्यात कळवलं. पुन्हा जीपमध्ये बसले, तर ड्रायव्हर म्हणाला, "बाई, गावात त्यो रोग न्हाई, व्हय ना? घरी सांगतो."

हिराबाईंनी पदर कमरेवर ओढून घेतला.

"नका सांगू," मी म्हणाले. "मी अजून गाव पाहिलेलंच नाही."