पडद्यावरचा हात

वसुमती मोहिते कॉटनपेटेतली. तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. मराठी उंबऱ्याच्या आत टिकून होती, तीही कानडी शब्दांत मुरलेली. डिप्लोमा करून वसुमती यशवंतपूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायला लागली. तिच्या लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही, तसं तिनंही घेतलं नाही. थोरला भाऊ नरसिंह, वहिनी विमला आणि ती, एवढंच घर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, तिनं चाळिशी ओलांडली त्या सुमारास, कारखान्यानं ड्रॉइंग हॉल मोडीत काढला. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले गेले आणि खिडकीपाशी दोन कॉम्प्युटर आले. हवं त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, नको त्यांनी काही नवं शिकून यावं, असं साहेबांनी सांगितलं. नव्या विषयांत एक होता रोबोटिक्स. त्याला कुणी हात वर करेना, म्हणून वसुमतीनं केला.

"आता पुरे की वसू," नरसिंह म्हणाला. "विमलाचे गुडघे धरलेत. घरात माणूस हवं."

"मी घरातच असते की अण्णा. सकाळी आहे, संध्याकाळी आहे."

"रोबोट शिकून तू काय करणार?"

"ते ठाऊक नाही. स्वल्प बघते. नाही जमलं तर बसते घरी येऊन."

"सरी," नरसिंह म्हणाला. न पटलेल्या गोष्टीलाही तो असंच सरी, म्हणजे ठीक, म्हणत असे.

प्रशिक्षण केंद्र राजाजीनगरात होतं. तिथं रोबोट नव्हता. येणार आहे, एवढंच सगळे सांगत. होता तो एक कॉम्प्युटर, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांनी काढलेला एक हात. खांदा, कोपर, मनगट आणि टोकाला चिमटा. कुठला सांधा किती अंशांत वळवायचा ते टाइप करायचं. मग कॉम्प्युटर जुन्या रेघा पुसून नव्या काढायचा आणि हात हळूहळू सरकत नव्या जागी जायचा. तेवढ्यात पाणी पिऊन येता येई.

शिकवणारा शुभंकर पुण्याचा, वयानं वसुमतीच्या निम्म्याहून थोडा मोठा. वर्गात तो इंग्रजीत बोले. वसुमती मराठी आहे कळल्यावर तिच्याशी पुणेरी मराठीत बोलू लागला.

"हे बघा मॅडम. सांधे ठाऊक असले की चिमटा कुठे पोचेल ते काढणं सोपं. पण आपल्याला नेहमी उलटं हवं असतं. चिमटा इथे हवाय, तर सांधे किती वळवू? खरा प्रॉब्लेम तिथे आहे."

पहिल्या आठवड्यात त्यानं दोनच सांध्यांचा हात घेतला आणि फळाभर त्रिकोणमिती लिहिली. वसुमतीला त्यातलं फारसं उमगलं नाही. दुपारी तिनं कंपास काढला. खांद्यावर टोक ठेवून दंडाएवढं वर्तुळ काढलं, जिथं पोचायचं त्या बिंदूवर टोक ठेवून पुढच्या हाताएवढं दुसरं. दोन्ही वर्तुळं दोन जागी छेदली. म्हणजे कोपर इथं तरी असेल नाही तर तिथं तरी, वर किंवा खाली.

"करेक्ट," शुभंकर म्हणाला. "दोन उत्तरं येतात ती हीच."

तिला बरं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. सहा सांध्यांचा हात आल्यावर कंपास कामाचा राहिला नाही. कागद सपाट आणि हात चहूकडे वळणारा. आता मॅट्रिक्स आल्या, आकड्यांचे चौकोन एकमेकांना गुणायचे. त्यात आधी कुणाला गुणायचं याला महत्त्व. वसुमतीनं क्रम चुकवला की पडद्यावरचा हात जमिनीत घुसे. पहिल्या परीक्षेत ती सपशेल नापास झाली. तिच्या कारखान्यातून आलेली सुप्रीता पास झाली आणि पुढच्याच महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत निघून गेली.

"तुम्हीपण या अक्का," जाताना ती म्हणाली. "तिथं परीक्षा सोपी आहे."

वसुमती गेली नाही. यशवंतपूरला जाणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या ती स्वतःचा हात खांद्यातून, मग कोपरातून वळवून बघे, आणि मग क्रम उलटा करून. पंजा दर वेळी वेगळीकडेच तोंड करी. बाजूच्या बायका सरकून उभ्या राहत. असं करता करता मॅट्रिक्स तिच्या अंगात मुरल्या.

मग शुभंकरला अमेरिकेत नोकरी लागली आणि अभ्यासक्रम अर्ध्यावर राहिला. केंद्रप्रमुख आप्पाजींनी वर्ग बंद करायचा विचार केला. पण फी घेतलेली असल्यानं कॉम्प्युटर विद्यार्थ्यांकडे राहू दिला. उरलेले चौघे आपापलं करू लागले.

त्यात एक विचित्र गोष्ट घडली. चिमटा सरळ रेषेत न्यायचा म्हटलं, की बरोबर मधोमध मनगट गर्रकन उलटं फिरे आणि मग मुकाट पुढे जाई. कितीदाही केलं तरी तेच. वसुमतीनं आप्पाजींना खात्रीनं सांगितलं की प्रोग्रॅम सदोष आहे. त्यांनी प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांना कडक शब्दांत कळवलं. उत्तर आलं, दोष प्रोग्रॅमचा नाही, खरा हातही इथं असाच वागेल.

"आता मी काय तोंड दाखवू?" आप्पाजी म्हणाले.

वसुमती जागेवर जाऊन बसली आणि मनगटाचे तीन सांधे वेगळे काढून बघू लागली. बऱ्याच दिवसांनी तिच्या ध्यानात आलं. मधला सांधा सरळ झाला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकाच अक्षाभोवती फिरतात. तीस अंश हवे असले तर एकानं दहा फिरायचं आणि दुसऱ्यानं वीस, की उलट, याला काही उत्तरच नाही. दोन सांधे असून काम एकाचंच. तेवढ्यापुरती हाताची एक वाट बंद होते, आणि तिथून निसटायला मनगट गिरकी घेतं. ती आप्पाजींकडे गेली आणि म्हणाली, "चूक माझी होती. का ते आता सांगू शकते." त्यांनी चहा मागवला आणि ऐकून घेतलं. सगळं त्यांना कळलं असं नाही. पण पुढच्या वर्गाला शिकवायला कुणी नव्हतं, आणि वसुमती समोर बसलेली होती.

कारखान्यानं तिला केंद्राकडे उसनी दिली. शिकवायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी आनेकलच्या बाजूच्या एका कारखान्यात खरा रोबोट आला, तो बघायला ती विद्यार्थ्यांना घेऊन गेली. जाळीच्या पलीकडे पिवळा हात उभा होता. सायरन वाजला आणि तो हलला. वसुमती झटकन मागे सरली. इतक्या वर्षांत तिच्या मनातला हात संथ होता, विचार करून पाऊल टाकणारा. हा सुतारपक्ष्यासारखा टोचे मारत होता. कुठला सांधा कधी वळला ते तिच्या डोळ्यांना धरताच आलं नाही.

"मॅडम, मनगट फिरलं का आत्ता?" हर्ष नावाच्या विद्यार्थ्यानं विचारलं.

"दिसलं नाही मला," ती म्हणाली. "फिरलं असणार."

परतताना बसमध्ये तिला वाईट वाटलं असं नाही, पण तो आपला हात नव्हे, असं तिला वाटत राहिलं. पुन्हा तिकडं जायचं तिनं टाळलं. वर्गात मात्र नवा, वेगवान कॉम्प्युटर आल्यावरही ती प्रोग्रॅम मुद्दाम हळू चालवी. मुलं कुरकुरत, पण शिकत.

विमलाच्या गुडघ्यांसाठी कस्तुराबाई नावाची बाई घरी कामाला येऊ लागली आणि नरसिंहची कुरकुर थांबली. वसुमतीच्या हाताखालून बरीच मुलं गेली. बहुतेकांना मारतहळ्ळीकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत बँकांची आणि विम्याची कामं मिळाली. पगार चांगले होते. त्यांच्यातल्या एकानंही पुढे रोबोट चालवल्याचं तिच्या कानावर आलं नाही. याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणे, "गणित आलं ना त्यांना?" आणि पुढच्या वर्गाची तयारी करायला लागे.