क्लेमने लावलेली दोन झुडपं

क्लेम टिडमार्श इंग्लंडमधल्या थॉर्नकोट हवेलीच्या बागेत चव्वेचाळीस वर्षं माळी होता. त्यातली एकतीस वर्षं मी त्याला रोज बघत आले, कारण बागेच्या फाटकाशी चहाची खोली आहे ती मी चालवते. आधी आम्ही दोघी होतो, मी आणि क्लेमची बायको बेरिल. बेरिल चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजायची, मी गिऱ्हाईक सांभाळायचे.

थॉर्नकोटला लोक हवेलीसाठी येत नसत. काळवंडलेल्या तसबिरी आणि दोरी बांधून ठेवलेल्या खुर्च्या आमच्या भागातल्या प्रत्येक हवेलीत आहेत. लोक यायचे ते भूलभुलैयासाठी. बॉक्स नावाच्या सदाहरित झुडपांच्या पुरुषभर उंच, दाट भिंती, तीनशे वर्षांपूर्वी लावलेल्या, आणि त्यांच्यामधून फिरणारी अरुंद वाट. मधोमध लाकडी मचाण होतं. सुट्टीच्या दिवशी क्लेम त्यावर बसायचा आणि हरवलेल्यांना ओरडून बाहेर काढायचा.

"अहो पिवळी टोपी! तिसऱ्यांदा तिथेच आलात! आता तरी बायकोचं ऐका, ती मघापासून उजवीकडे म्हणतेय!"

"हिला काय कळतंय?" खालून आवाज यायचा.

"मला वरून दिसतंय, तिला मात्र न बघता कळतंय. चला, उजवीकडे!"

सगळी भिंत हसायची, कारण माणसं दिसत नसत, नुसतं हसू ऐकू यायचं.

जून महिन्यात डर्बीची घोड्यांची शर्यत झाली की छाटणी सुरू व्हायची. क्लेम सुतळी ताणून, हातातल्या कात्रीने, एक-एक भिंत छाटायचा. यंत्र त्याने कधी आत येऊ दिलं नाही. बाहेरचं रोपही नाही. एकदा एका बसमधून आलेल्या बाई आधीच्या मुक्कामाला घेतलेली कुंडी काखेत धरून फाटकातून शिरायला लागल्या, तर हा वाटेत उभा.

"बाई, ती कुंडी बसमध्ये ठेवून या."

"अहो, नुसतं लॅव्हेंडर आहे!"

"असू दे. दुसऱ्याची माती माझ्या बागेत नको."

बाई चिडून माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, तुमचा माळी फारच शिष्ट आहे. मी त्यांना एक स्कोन जास्त दिला. एखादं झुडूप मेलंच तर क्लेम त्याच बागेतल्या फांदीपासून रोप करायचा आणि ती जागा भरायला दहा-दहा वर्षं वाट बघायचा. त्याचा हा नियम आजूबाजूच्या सगळ्या बागांना माहीत होता.

मग ते वर्ष आलं. जानेवारीच्या वादळात ॲश झाडाची मोठी फांदी भूलभुलैयावर कोसळली आणि पूर्वेकडच्या भिंतीला खिंडार पडलं. फेब्रुवारीत बेरिल गेली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी क्लेम कामावर आला. कोणाशी बोलला नाही, फक्त ते खिंडार बघत उभा राहिला.

बेरिलने दोन वर्षांपूर्वी चर्चच्या जत्रेतून बॉक्सची दोन गोल झुडपं आणली होती. ती बागेच्या कुंपणाबाहेर, त्यांच्या घराच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांत होती. "अख्खं आयुष्य नवऱ्याची झुडपं बघितली, आता माझी स्वतःची दोन," असं ती म्हणायची. क्लेम त्यांना हात लावायचा नाही. कुरकुरायचा, पण त्या कुंड्यांनी कधी कुंपण ओलांडलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो माझ्याकडे आला. "ग्लेनिस, जरा हातगाडी धरतेस?"

मी गेले. दोन्ही कुंड्या त्याने काढून ठेवल्या होत्या.

"कुठे न्यायच्या?"

"खिंडारात लावतो. तिथे बेरिल राहील. रोज नजरेसमोर."

मला काय कळणार? मला वाटलं, बरं झालं, बोलला तरी. खालच्या बाजूला थोडी पानं तपकिरी झाली होती. क्लेमने ती चिमटीने खुडून खिशात टाकली. "पाणी घालायचं राहिलं माझ्याकडून, ती आजारी होती तेव्हा," म्हणाला. मी गाडी धरली, त्याने खड्डे केले. झुडपं लावून झाल्यावर आम्ही दोघेही रडलो.

जूनमध्ये त्याने नेहमीसारखी छाटणी केली. सुरुवात पूर्वेकडून केली. आधी बेरिलची झुडपं गोल केली आणि तीच कात्री घेऊन पुढची सगळी भिंत.

जुलैभर पाऊस पडला, उबदार आणि चिकट. ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या भिंतीवर डाग दिसले. पानं तपकिरी, काड्यांवर काळ्या रेघा, आणि हात लावला की मूठभर पानं खाली. क्लेमने तिथली वाट दोरी लावून बंद केली आणि पाहुण्यांना सांगितलं, जमीन निसरडी आहे. बंद वाटेत तो दिवसभर गुडघ्यांवर बसून गळलेली पानं वेचायचा, पोत्यात भरून घरामागे जाळायचा. बेरिलची झुडपं त्याने उपटली नव्हती. पानं पार झडली होती, नुसते सांगाडे उभे होते.

मी विचारलं, "हे काय झालंय रे?"

"करपा आहे."

"मग मिस सॉर्बींना सांग ना." मिस सॉर्बी म्हणजे आमच्या व्यवस्थापक. बिचाऱ्या नव्या होत्या.

"थंडीत थांबेल. तू बोलू नकोस."

मी बोलले नाही. हे मी लिहून ठेवतेय, कारण क्लेम सोडून दुसऱ्या कोणाला ते माहीत नाही.

थंडीत थांबला, पण वसंतात सगळीकडे उठला. मे महिन्यात मचाणावरून बघितलं तर हिरव्यात मोठमोठे खाकी पट्टे दिसायचे. मग मात्र लपवता येईना. मिस सॉर्बींनी प्रयोगशाळेतून एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. त्या दिवसभर फिरल्या, पानं पिशव्यांत भरली आणि शेवटी माझ्या खोलीत चहाला बसल्या. क्लेम समोर टोपी हातात घेऊन उभा होता. मी किटली घेऊन मागे.

"बाहेरून काही रोप आणलं होतंत का, गेल्या दोन वर्षांत?" त्यांनी विचारलं.

क्लेमने माझ्याकडे बघितलंही नाही. "नाही," म्हणाला.

"थॉर्नकोटमध्ये?" मिस सॉर्बी हसल्या. "अहो, हे पाहुण्यांचं लॅव्हेंडरसुद्धा आत येऊ देत नाहीत!"

"मग बुटांना चिकटून आला असेल." तज्ज्ञ बाईंनी तसं लिहून घेतलं. उठताना सहज म्हणाल्या, "गेल्या ऑगस्टमध्ये कळलं असतं तर पूर्वेची बाजू तोडून बाकीचा वाचवता आला असता. आता कठीण आहे."

मी चहा ओतत राहिले. कप भरून बशीत सांडला, तिथून टेबलावर आला.

त्या उन्हाळ्यात क्लेमने जे केलं ते मी कोणाला करताना पाहिलेलं नाही. दर झुडपानंतर कात्री औषधात बुडवायची. पाहुण्यांना बूट धुवायला लावायचे. पानं, काड्या, वरची माती, सगळं खरवडून काढायचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, संध्याकाळी त्याची कंबर सरळ होत नसे. लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे! त्यांचं बोलणं ऐकून तो मान फिरवायचा.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी निर्णय आला. नोव्हेंबरमध्ये सगळं उपटून जाळायचं. त्या दिवशी क्लेम मिस सॉर्बींकडे गेला आणि परत येऊन माझ्या खोलीत बसला. खोली रिकामी होती.

"सांगितलं मी त्यांना. कुंड्यांचं. सगळं."

"मग?"

"त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, ग्लेनिसला. तर म्हणाल्या, मग हे तिघांतच राहू दे. वर्तमानपत्रांना आपण बुटांचं कळवलंय, आता बदललं तर उगाच बोभाटा होईल. झुडपं काही परत येणार नाहीत."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मला काढून टाका. त्या म्हणाल्या, मिस्टर टिडमार्श, तुम्ही तसेही नोव्हेंबरमध्ये निवृत्त होताय."

तो हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही.

"रागावल्यासुद्धा नाहीत गं," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर हात ठेवला."

उपटण्याच्या आदल्या दिवशी हिरवळीवर समारंभ झाला. जुने पाहुणे लांबून लांबून आले होते. मिस सॉर्बी बोलल्या. एका माणसाने शेवटपर्यंत या भूलभुलैयासाठी झुंज दिली, असं म्हणाल्या. त्याला आकाशातून काढलेला बागेचा फोटो चौकटीत घालून दिला. टाळ्या थांबेनात. एक म्हातारी रडत त्याच्या गळ्यात पडली. तिला लहानपणी तिथे हरवल्याचं आठवत होतं. क्लेम फोटो छातीशी धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, भारावला. मी जवळ होते. तो "मीच, मीच" म्हणत होता.

चार दिवस यंत्र चाललं, चार दिवस धूर होता. आता तिथे मुलांसाठी लाकडी किल्ला आणि घसरगुंड्या आहेत. गर्दी आधीपेक्षा जास्त असते.

माळ्याचं घर हवेली चालवणाऱ्या संस्थेचं होतं, ते सोडून क्लेम गावात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेला. मी रविवारी केक घेऊन जायचे. घरात एक पान हिरवं नव्हतं. तो खुर्चीत बसून असायचा, मी इकडचं तिकडचं काहीबाही सांगायचे.

गेल्या वसंतात एकदा मध्येच त्याने विचारलं, "त्या ऑगस्टमध्ये तू का बोलली नाहीस, ग्लेनिस?"

"तूच म्हणालास ना, बोलू नकोस."

"हो." तो खिडकीकडे वळला. "पण तू बोलली असतीस तर अर्धा राहिला असता."

मला राग आला. गाडी मीच धरली होती. बेरिल माझीही मैत्रीण होती. मी कपबशा धुतल्या आणि निघाले. जिन्यात वाटलं, परत वर जावं, काहीतरी म्हणावं. गेले नाही.

त्यानंतरही मी जात राहिले. तो कमी बोलायला लागला, मग बोलेनासा झाला. मागच्या दोन रविवारी दारच उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता, खुर्ची सरकल्याचाही आला. मी हाक मारली, पुन्हा मारली. मग केक दाराशी ठेवला आणि तीनची बस पकडली.